एकलं धान

"दाखवा जी, कुठं हाय लाल," असं म्हणत फगनीबाईनं पितळी माझ्यापुढे सरकवली.

पितळीत तिच्याच बांधीतले, गेल्या हंगामाचे तांदूळ होते. मी सोबत आणलेल्या छोट्या हातयंत्रावर आम्ही ते नुकतेच भरडून काढले होते. मी चष्मा पुसला, चिमटा घेतला आणि दाणे बाजूला करू लागलो. पांढऱ्या तांदळात लाल दाणा शोधायला खरं तर चिमटा लागत नाही, तो आपणहून डोळ्यांत भरतो. पण माझे हात रिकामे असले की मला बोलावं लागतं, आणि तेच मला टाळायचं होतं.

"हा?"

"हा."

"अन् हा?"

"तोही."

तिनं एक दाणा बोटाच्या टोकावर घेऊन उन्हात धरला. "एवढुशा दाण्यापाई जहाज थांबते?"

"जहाज नाही थांबत," मी म्हणालो. "आपले तांदूळ मागे ठेवून निघून जातं."

मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. माझे विनोद बहुधा असेच जातात.

त्या वेळी मी नागपूरच्या एका कंपनीत बियाणं तपासणीचं काम करत होतो. गोंदियाच्या पलीकडे, छत्तीसगडच्या सीमेला लागून जो धानाचा पट्टा आहे, तिथला तांदूळ घेऊन कंपनी तो आफ्रिकेतल्या एका देशात विकायची. तिकडचा व्यापारी आमचा नमुना काळ्या थाळीत ओतायचा. शेजारच्या थाळ्यांत ब्रह्मदेशचा, कंबोडियाचा, व्हिएतनामचा नमुना असायचा. आमच्यासारखेच सगळे, तांदूळ विकून चार पावलं पुढे जाऊ बघणारे. ज्या थाळीत दाण्याला दाणा जुळेल ती थाळी पसंत व्हायची. म्हणून कंपनीनं काही गावं निवडली होती. ज्यांच्याकडे बांध घातलेली सखल शेती, म्हणजे तिकडच्या भाषेत बांध्या होत्या, त्या घरांनी एकच वाण लावायचा, सीलबंद पोत्यातलं शुद्ध बियाणं वापरायचं आणि त्यात दुसरं काही मिसळायचं नाही. टेंभरीटोला हे त्यातलं एक गाव, आणि फगनीबाई कुमरे ही तिथल्या गटाची प्रमुख.

मी मूळचा कोकणातला. पहिल्याच सभेत मी "तुम्ही भात कधी पेरता?" असं विचारलं आणि सगळी सभा हसून लोळायची बाकी राहिली. "भात खातेत जी," फगनीबाईनं मला समजावलं होतं, "पेरतेत धान. शिजवून पेरलं तं उगवन कसं?" तेव्हापासून मी सभेत बोलायचं कमी केलं. जे सांगायचं ते तिला सांगायचो, ती गावाला सांगायची. मला तिच्यासारखं बोलता आलं असतं तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं असं पुष्कळदा वाटतं, पण हे वाटण्यालाही आता काही अर्थ नाही.

तर लाल दाणा. पहिल्या वर्षी थोडा निघाला, दुसऱ्या वर्षी वाढला. बियाणं मी स्वतः तपासून दिलेलं. मळणीआधी जमीन सारवली होती, पोती उलटी करून झाडली होती. तरी लाल.

"मी सांगते तुमाले कुठून येते," फगनीबाई पितळी उचलत म्हणाली. "सुकलूच्या बर्डीवरून."

बर्डी म्हणजे गावाच्या वरच्या अंगाची मुरमाड जमीन. तिथं पाणी थांबत नाही, म्हणून कंपनीचा वाण तिथं येत नाही. तिथली काही घरं जुनं लाल धान लावायची आणि कंपनीच्या करारात ती नव्हती. सुकलू त्यातलाच. गावाच्या भुमक्याचा, म्हणजे देवाचं सगळं करणाऱ्या म्हाताऱ्या बुधरामचा, तो मुलगा.

"पाण्यासंगं त्याचं धान वाहून माझ्या बांधीत उतरते. मी सांगतलं त्याले, बांध घाल."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हने, पाण्याले सांग ना."

हे मात्र सांगताना तिला हसू आलं. लगेच तिनं ते आवरलं.

"साहेब, या साली लाल निघाला तं?"

हे उत्तर मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं. कंपनीचे व्यवस्थापक देशकर यांनी निघतानाच मला बजावलं होतं, "खरवते, एक वर्ष आणखी. या वर्षी लाल दिसला तर टेंभरीटोला बंद. माझ्याकडे गावं पुष्कळ आहेत." आणि लाल दिसला नाही तर कंपनी गावात वाळवणीसाठी सिमेंटचा मोठा ओटा बांधणार होती, वर शेड टाकणार होती. वाळवणं, पाखडणं, निवडणं, पोती भरणं, हे सगळं काम हिवाळाभर गावातच होणार होतं.

टेंभरीटोला हिवाळ्यात ओस पडायचं. धान निघालं की मुकादमाचा ट्रक यायचा आणि अख्खं गाव तेलंगणात मिरची तोडायला जायचं. घरी राहायचे म्हातारे आणि कुत्री.

"नाही निघणार," मी म्हणालो. हे मी कशाच्या आधारावर म्हणालो ते मलाच माहीत नव्हतं.

ती पितळी घेऊन तशीच उभी राहिली. "माझी पोरगी तिकडंच झाली जी. मिरचीच्या वावरात. तिच्या डोळ्यांत तिखट जायचं, मंग ते रडायची. डोळे पुसाले जावं तं माझ्याच हाताले तिखट." ती आत गेली. आतून तिनं विचारलं, "चहा घेता ना?"

*

त्या वर्षी मी ठरवलं की पेरणीच्या आधीच गावात जाऊन राहायचं आणि प्रत्येक घरचं पोतं माझ्यादेखत फोडायला लावायचं. आधीच्या दोन्ही वर्षी पेरणीच्या दिवसांत मी गावात नव्हतो. गावाचा पेरणीआधी एक सण असतो, त्या दिवशी कामाचं काही होत नाही असं मला ऑफिसात कुणी तरी सांगितलं होतं, आणि जिथं गर्दी आहे तिथं न जाण्याचं कारण मला नेहमीच पुरेसं वाटतं.

पोती फोडून झाली. बियाणं चोख होतं. मी शाळेच्या व्हरांड्यात पुस्तक उघडून बसलो होतो, तेवढ्यात फगनीबाई नवं लुगडं नेसून, डोक्यावर टोपलं घेऊन आली.

"पुस्तक पळून नाई जात. चला, आज आमच्या धानाचा सन हाय."

"मी कशाला? माझी शेती नाही."

"देवाची बी नाई. तो येते ना."

गावाबाहेर एका जुन्या मोहाखाली देवाचे दगड होते. घराघरातून एकेक जण आला होता, करारातला आणि बर्डीवरचाही. प्रत्येकाच्या डोक्यावर पेरायच्या बियाण्याचं टोपलं आणि हातात पळसाच्या पानांचा द्रोण. द्रोणात त्याच बियाण्यातले थोडे दाणे. बुधराम भुमका दगडांपुढे उकिडवा बसला होता. अंगानं काटकुळा, पण आवाज जड. त्याच्यापुढे एक मोठं सूप होतं.

मी शक्य तितका मागे, झाडाच्या बुंध्याला टेकून उभा राहिलो. फगनीबाई माझ्या शेजारी आली. मला एकट्याला सोडलं तर मी परत पुस्तकाकडे जाईन याची तिला खात्री असावी.

एकेक जण पुढे जाऊन आपला द्रोण सुपात रिकामा करू लागला. फगनीबाई गेली, परत आली. सगळ्यांचे द्रोण झाल्यावर बुधरामनं दोन्ही हात सुपात घातले आणि गोंडीत काही पुटपुटत तो ते धान खालीवर करू लागला. सावकाश, कणीक मळावी तसं.

"आता काय करताहेत?" मी हळूच विचारलं.

"ओळख करून देऊन रायले."

"कुणाची?"

"धानाची जी. एकमेकांसंगं." तिच्या आवाजात लहान मुलाला सांगावं तसं कौतुक होतं. "मंग भुमका एकेक मूठ वापस देते. ते आपापल्या टोपल्यात घालाचं अन् पेराचं. जोड म्हनतेत त्याले. जोड नाई लागली तं धान एकलं रायते."

"एकलं राहिलं तर काय होतं?"

"उगवते. पन घराले लागत नाई. एकलं धान कोनी पेरत नाई इथं."

मी सुपाकडे पाहत होतो. मला जे दिसत होतं ते मी नीट पाहतोय का, याची मला शंका आली. मला ती नेहमी येते. म्हणून मी फक्त विचारलं, "त्या सुपात कुणाकुणाचं धान आहे?"

"साऱ्याइचं."

"सुकलूचंसुद्धा?"

"त्याचं बी. अन् भुमक्याचं. देवाचं धान तं..." ती बोलता बोलता थांबली.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती सरळ चालत सुपापाशी गेली, वाकून तिनं चिमूटभर दाणे उचलले आणि तिथंच उभी राहून नखानं एकेका दाण्याचं टरफल काढू लागली. एक पांढरा. एक पांढरा. मग तिचं नख थांबलं.

ती परत माझ्याजवळ आली तेव्हा तिच्या तळहातावर तो लाल दाणा होता.

"मी साऱ्याइले सांगतलं होतं, मिसळू नका. मोहाखालीच शपथ घातली होती. कोनी मिसळलं नाई साहेब. खरंच कोनी नाई."

"मला माहीत आहे."

"हे मिसळनं नाई ना जी," ती म्हणाली. "हे जोड हाय."

ते दोन शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदाच शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते.

पुढचं मला पुस्तकातून ठाऊक होतं. लाल धान आधी पिकतं, दाणे गळतात, पुढच्या वर्षी त्याच बांधीत आपोआप उगवतात. एका मुठीतून दर वर्षी वाढत जातं. पण हे तेव्हा कुणाला सांगावं, कसं सांगावं, आणि मी कोण सांगणारा? बुधरामनं वाटायला सुरुवात केली होती. पहिलं नाव फगनीबाईचंच पुकारलं गेलं, कारण गटाची प्रमुख ती.

तिनं पदर पुढे केला. बुधरामनं त्यात मूठ रिकामी केली. ती टोपल्यापाशी आली, वाकली, आणि तशीच राहिली.

"घाल ना वो," मागून कुणी तरी म्हणालं.

"या साली मी नाई घालत."

बुधरामचे हात सुपातच होते. "काय झालं वो फगनी?"

"बुढाबाबा, लाल इथून येते."

पहिल्यांदा कळलं ते सुकलूला, आणि तो मोठ्यानं हसला. "घ्या! दोन साल माझ्या पाण्याले शिव्या देल्ल्या हिनं. अन् चोर निघाला देव!"

"तोंड सांभाळ रे," एक म्हातारी ओरडली, पण दोघं-तिघं हसलेच. फगनीबाई हसली नाही.

मग एकदम सगळे बोलू लागले. करारातल्या घरांपैकी एक जण पुढे आला. "सोपं हाय ना. यंदापासून बर्डीवाल्याइचं धान सुपात घेऊच नका. आमचं सारं एकाच वाणाचं. मंग जोड बी त्याचीच. काहून साहेब, चालन ना?"

सगळ्यांची तोंडं झाडाच्या बुंध्याकडे वळली.

"तांत्रिकदृष्ट्या चालेल," मी म्हणालो.

"तांत्रिक कायले पायजे?" ती म्हातारी म्हणाली. "भुमका हाय ना आमचा."

हशा झाला. मीही हसलो. पण बुधराम माझ्याकडे बघत होता, आणि त्याला माझं उत्तर बरोबर समजलं होतं. तो त्या माणसाला म्हणाला, "एकाच पोत्यातलं धान एकमेकांत खालीवर कराले देव कायले पायजे रे? सूप पुरते."

तो माणूस मागे सरकला.

"मी टाकून नाई देत, बाबा," फगनीबाई म्हणाली. पदराची मूठ तिनं घट्ट धरली होती. "पेरन. बांधीच्या कोपऱ्यात, येगळी. तुमची मूठ माझ्या वावरात राईन."

"कोपऱ्यात."

"हो."

बुधरामनं शेजारी ठेवलेलं आपलं टोपलं पुढे ओढलं. आपल्या वाट्याची मूठ त्यानं सुपातून घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी टोपल्यात सोडली. "तुमचं धान माझ्या टोपल्यात आलं," तो म्हणाला. "माझं तुमच्या टोपल्यात नाई आलं. हे कसं वो फगनी?"

तिनं पदरातली मूठ चाचपली. त्या प्रश्नावर मी इतकी वर्षं विचार करतो आहे.

"मले हिवाळ्यात घरी रायाचं हाय, बाबा," ती शेवटी म्हणाली. "तेवढंच."

"मले बी," सुकलू म्हणाला. आता तो हसत नव्हता.

बुधराम उरलेल्या मुठी वाटत गेला. करारातल्या घरांनी आपापली मूठ पदरात, धोतराच्या सोग्यात, टॉवेलच्या टोकाला बांधली. बर्डीवरच्यांनी ती टोपल्यात सोडली. सगळं झाल्यावर म्हाताऱ्यानं सूप झटकलं, काखोटीला मारलं आणि तो घराकडे चालू लागला. त्या दिवसापासून तो फगनीबाईशी बोलेनासा झाला. वाटेत दिसली तरी तो रस्त्यातल्या दगडाकडे बघावं तसं तिच्याकडे बघायचा, आणि पुढे जायचा.

*

त्या हंगामात मी टेंभरीटोल्याला पुष्कळदा गेलो. फुलोऱ्याच्या वेळी बांध्यांत आधीच्या वर्षांचं लाल उगवून आलं होतं. त्याच्या काड्या जरा उंच असत. आधीही त्या सगळ्यांना दिसतच होत्या, पण जोडीचं धान म्हणून कुणी त्यांना हात लावला नव्हता. आता बायका ओळीनं वाकून ते उपटू लागल्या. मी बांधावर उभा होतो. नेहमी रोवणीला, म्हणजे लावणीला, गाणी म्हणणाऱ्या त्या बायका उपटताना गप्प होत्या. उपटलेलं त्यांनी फेकलं नाही, बांधावर नीट आडवं ठेवलं. प्रत्येक बांधीच्या एका कोपऱ्यात मात्र त्या मुठीचं धान उभं होतं, भोवती हातभर रिकामी जागा सोडून.

मळणी झाली, नमुना गेला. देशकरांचा निरोप आला. लाल नाही. त्या काळ्या थाळीत आमचा तांदूळ शेजारच्यांपेक्षा सरस ठरला होता. शेजारच्या थाळीत ब्रह्मदेशातल्या नाही तर कंबोडियातल्या कुठल्या गावचं धान होतं आणि त्या गावानं दाण्याला दाणा जुळवायला काय केलं होतं, हे देशकरांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. मलाही तेव्हा ते सुचलं नाही.

ओटा बांधून झाला. शेड उभी राहिली. काम सुरू करायच्या आदल्या दिवशी देशकरांनी मला बोलावून सांगितलं, "ओट्यावर फक्त करारातली घरं घ्यायची. बाकीच्यांना घेतलं की आज ना उद्या त्यांचं धान ओट्यावर येईल. पुन्हा लाल. कळलं ना?"

"हो."

"तुम्ही हो म्हणता आणि नंतर विचार करत बसता, म्हणून दोनदा सांगतो."

मी पुन्हा हो म्हणालो.

मी गावात पोचलो तेव्हा सकाळ बरीच वर आली होती. ओट्यावर धान पसरलं होतं आणि ते सारखं वाळावं म्हणून बायका पायांनी त्यात रेघा ओढत होत्या. आणि ओट्याच्या समोरच, रस्त्यावर, मुकादमाचा ट्रक उभा होता.

दर वर्षी त्यात पाय ठेवायला जागा नसायची म्हणे. त्या दिवशी मागच्या हौद्यात बर्डीवरची तेवढी घरं बसली होती. गाठोडी, भांडी, एका बाईच्या मांडीवर पोर. सुकलू फळीवर बसून पाय हलवत होता.

"राम राम साहेब! यंदा पाय लांब करून जाऊ आमी. फगनीबाईची किरपा."

हे त्यानं ओट्याला ऐकू जाईल असं म्हटलं. ओट्यावरच्या बायकांनी ऐकलं. रेघा ओढणारे पाय हळूहळू थांबले.

"चला, चला," मुकादम म्हणाला. "पुढच्या दोन टोल्यांवरून मानसं घ्याची हायेत."

बुधराम ट्रकच्या मागे उभा होता, मुला-सुनेला निरोप द्यायला. सून, रमुला, वरून त्याला काही सांगत होती. चूल, कोंबड्या, रात्रीची कडी. तो मान हलवत होता.

फगनीबाई ओट्यावरून उतरली. पायाला लागलेली तुसं तिनं झटकली नाहीत. ती ट्रकपाशी येऊन उभी राहिली.

"उतर वो रमुला."

"कायले?"

"ओट्यावर काम हाय."

रमुलानं सुकलूकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ते तुमच्या धानाचं काम जी. आमचं धान लाल हाय."

"धान लाल हाय. हात लाल हायेत का तुये?"

"मिरची तोडून येईन तवा होतीन," सुकलू म्हणाला.

ओट्यावरून एक बाई ओरडली, "फगनी, त्याइले घेतलं तं आमच्या पाळ्या कमी होतीन, त्याचं काय?"

"होतीन," फगनीबाई मागे न बघता म्हणाली.

"अन् मंग?"

"मंग काही नाई. कमी होतीन."

ती बाई आणखी काही बोलणार होती. पण शेजारचीनं तिचा हात धरला की तिलाच काही सुचलं नाही, ते मला लांबून दिसलं नाही. फगनीबाई तेवढ्यात माझ्याकडे वळली होती.

"साहेब, ओट्यावर कोनाले घ्याचं, ते कोन ठरवते?"

या प्रश्नाचं माझ्याकडे एक तयार उत्तर होतं. वर विचारून सांगतो. नोकरीची सगळी वर्षं मी त्या उत्तराच्या आडोशाला काढली होती, आणि त्यानं कधी कुणाचं वाईट झालं नाही अशी मी स्वतःची समजूत घातली होती. शिवाय या खेपेला वर विचारायचीही गरज नव्हती. वरचं उत्तर माझ्या कानात ताजं होतं. दोनदा सांगितलेलं.

मुकादमानं हॉर्न वाजवला.

"तुम्ही," मी म्हणालो.

"काय?" हॉर्नमध्ये तिला ऐकू आलं नव्हतं.

म्हणजे मला ते पुन्हा म्हणावं लागणार होतं. पहिल्यांदा माणूस चुकून काहीही बोलून जातो. दुसऱ्यांदा तसं म्हणता येत नाही.

"तुम्ही ठरवायचं," मी म्हणालो. माझा आवाज एवढा मोठा कसा निघाला याचं मलाच नवल वाटलं. "ओटा गावाचा आहे. तुम्हीच ठरवायचं."

देशकरांना मी नंतर काय सांगितलं आणि ते मला काय म्हणाले, ते सांगण्यासारखं नाही. पुढच्या वर्षी मी त्या कंपनीत नव्हतो, एवढं पुरे.

फगनीबाईनं माझ्याकडे क्षणभर पाहिलं. आभार वगैरे काही नाही. तिला माझ्याकडून एक शब्द हवा होता, तो मिळाला होता. ती परत ट्रककडे वळली.

"आयकलं ना? उतर."

"अहो बाई, माझी गाडी रिकामी जाईन ना," मुकादम म्हणाला.

"जाऊ दे. हलकी चालन."

हौद्यातली माणसं एकमेकांकडे बघत होती. मांडीवर पोर असलेली बाई अर्धी उठली आणि पुन्हा बसली. रमुलानं गाठोड्यावर हात ठेवला, पण उचललं नाही. ती सुकलूकडे बघत होती, आणि सुकलू बापाकडे. त्याच्या तोंडावर आता थट्टा नव्हती. मला वाटतं, तो हो म्हणायला तयार होता, पण पहिला शब्द त्याला आपल्या तोंडून नको होता. पेरणीपासून त्या दोन घरांत कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

बुधराम फगनीबाईच्या शेजारीच उभा होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो ट्रकच्या अगदी जवळ गेला, धोतराचा सोगा कमरेला खोचला आणि दोन्ही काटकुळे हात वर केले.

"दे गठुडं खाली," तो सुनेला म्हणाला. "अन् लवकर उतरा. बाईचं धान उन्हात एकलं पडलं हाय."